नऊ डावांची सोबत

धर्मगुरूने एखादा छंद जोपासावा, असे सेमिनरीत आम्हांला वारंवार सांगितले जाई. माझ्या सहाध्यायांपैकी एकाने व्हायोलिन हाती घेतले, एकाने गुलाबाची कलमे बांधली, एकाने टपालाच्या तिकिटांचे चार जाडजूड संग्रह भरले. मी मात्र कोरडाच राहिलो. छंद तरुणपणी जडतो, पन्नाशीनंतर जडतो तो आजार, असे त्यांतील व्हायोलिनवाले फादर विनोदाने म्हणतात. त्यांच्या व्याख्येने पाहता मला आजारच जडला आहे. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी बेसबॉल या अमेरिकी खेळाच्या नादी लागलो; आणि नादी लागलो तो अशा संघाच्या, ज्याने माझ्या डोळ्यांदेखत पराभवांचा विक्रम केला.

आपल्या वसईच्या माणसाला चेंडू-फळीचे वावडे असण्याचे कारण नाही. भाताची कापणी झाली की शेते मोकळी होत, आणि रविवारची मिस्सा संपताच आम्ही मुले त्या खुंटाळलेल्या शेतांत स्टंप रोवत असू. माझ्या वडिलांना क्रिकेटची एकच कथा येत असे, विजय हजारे यांची. त्या काळी मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदूंचा संघ होता, मुसलमानांचा होता, पारशांचा होता, युरोपियनांचाही होता; आपल्या ख्रिस्ती खेळाडूंना जागा होती ती 'उर्वरितां'च्या संघात. १९४३ साली ब्रेबर्न मैदानावर हिंदूंच्या विरुद्ध या उर्वरितांच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या हजाऱ्यांनी काढल्या. सामना तरीही उर्वरित संघ डावाने हरला. वडील कथा सांगत ती ३०९ धावांची, पण शेवटी आवाज खाली आणून पराभवही सांगत. ती कथा पुढे इतक्या दूरच्या मैदानावर मला आठवेल, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते?

२०२३ च्या आरंभी महागुरुस्वामींच्या अनुज्ञेने मी अमेरिकेत शिकागो शहराच्या दक्षिण भागातील एका धर्मग्रामात सेवेसाठी गेलो. धर्मगुरूंची संख्या रोडावल्यामुळे तेथील कितीतरी वेद्या आज भारत, पोलंड, नायजेरिया आणि फिलिपिन्स येथून आलेले धर्मगुरू सांभाळतात. ज्या देशांतून एकेकाळी मिशनरी आपल्याकडे येत, त्या दिशेने आता आपण जातो. माझे धर्मग्राम जोडग्राम होते. शेजारचे एक जुने चर्च दोन वर्षांपूर्वी बंद करून तेथील भाविकांना आमच्या चर्चमध्ये सामील केले होते. कागदावर दोन्ही कुटुंबे एक झाली होती. प्रत्यक्षात रविवारी एका बाजूच्या बाकांवर हे आणि दुसऱ्या बाजूच्या बाकांवर ते, अशी मधल्या वाटेने फाळणी झालेली मला वेदीवरून स्वच्छ दिसे. आणि बंद झालेल्या चर्चचे जे लोक आलेच नव्हते, त्यांची तर गणतीच नव्हती.

त्यांतील एक गृहस्थ एप्रिल महिन्यात कार्यालयात आले. वय ऐंशीच्या पुढे, हाडापेराने मजबूत. उभा जन्म पोलादाच्या भट्टीसमोर गेलेला. आजे-पणजे आयर्लंडमधून आलेले. त्यांना जुन्या चर्चचे लग्नपुस्तक पाहायचे होते; ती पुस्तके आमच्याकडे आली होती. १९६४ सालचे पान काढून दिले. त्यांनी आपल्या पत्नीच्या सहीवर बोट ठेवले आणि पुष्कळ वेळ ते तसेच उभे राहिले. पत्नीला जाऊन चार वर्षे झाली होती. तिची अंत्यविधीची मिस्सा हीच त्यांनी त्या चर्चमध्ये ऐकलेली शेवटची मिस्सा. मी त्यांना रविवारी येण्याचे आमंत्रण दिले. ते म्हणाले, "फादर, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही तर काल आलात. पण या चर्चमध्ये मी पाऊल टाकणार नाही. माझ्याशी बोलायचे असेल तर तुम्ही पस्तिसाव्या रस्त्यावर या. माझ्याजवळ दोन तिकिटे असतात. एक रिकामे जाते."

पस्तिसाव्या रस्त्यावर व्हाइट सॉक्स संघाचे मैदान आहे. शिकागोत बेसबॉलचे दोन मोठे संघ. उत्तरेचे कब्ज आणि दक्षिणेचे व्हाइट सॉक्स. दक्षिण भाग कामकरी लोकांचा. कत्तलखाने, रेल्वे आणि पोलाद यांच्यावर वाढलेला. तेथे मूल कोणत्या धर्मग्रामातले आणि कोणत्या संघाचे, हे दोन्ही जन्मतःच ठरते.

पहिले दोन-तीन सामने मला काहीच कळले नाही. क्रिकेटच्या नजरेने पाहिले तर हा खेळ म्हणजे नुसता फुलटॉसचा बाजार वाटतो. चेंडू जमिनीला लागतच नाही. मैदानाचा मुख्य भाग म्हणजे एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन. चार कोपऱ्यांना चार बेस, दोन बेसांत ९० फुटांचे अंतर. पिचर मधल्या उंचवट्यावरून, ६० फूट ६ इंचांवरून, चेंडू फेकतो. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद, तीन फलंदाज बाद झाले की अर्धा डाव संपला, आणि असे नऊ डाव. पहिला, दुसरा, तिसरा बेस गाठून फलंदाज जेथून निघाला त्याच जागी सुखरूप परतला तर एक धाव. त्या जागेला 'होम' म्हणतात. यावर प्रवचन करण्याचा मोह मी आवरला, कारण अमेरिकेतील प्रत्येक धर्मगुरूने ते केव्हा ना केव्हा केलेलेच असते, असे मला आधीच बजावण्यात आले होते.

मला त्याहून वेगळ्या गोष्टींनी धरून ठेवले. एक म्हणजे, दहा वेळा उभा राहून जो तीनदा यशस्वी होतो तो या खेळात उत्तम फलंदाज गणला जातो. सात वेळा तो मान खाली घालून परत येतो, आणि तरीही त्याला कोणी नालायक ठरवीत नाही. दुसरी गोष्ट फलकाची. त्या मोठ्या फलकावर प्रत्येक संघापुढे तीन आकडे असतात: धावा, फटके आणि चुका. चुकांना स्वतंत्र रकाना! झेल सुटला, चेंडू भलतीकडे फेकला, की हजारो लोकांसमोर तो आकडा एकाने वाढतो. आणि ज्याची चूक झाली तो खेळाडू त्याच जागी उभा राहून पुढच्या चेंडूची वाट पाहतो. तिसरी गोष्ट 'सॅक्रिफाइस'ची. पुढच्या बेसवरील सहकाऱ्याला एक पाऊल पुढे जाता यावे म्हणून फलंदाज चेंडू हलकेच जमिनीवर टेकवतो आणि जाणूनबुजून स्वतः बाद होतो. गंमत अशी, की त्याच्या फलंदाजीच्या सरासरीत ते अपयश धरले जात नाही. हिशेब ठेवणाऱ्यांनी एवढी माणुसकी दाखवावी, हे मला फार आवडले.

मैदानावर ऑर्गन वाजतो. या संघासाठी नॅन्सी फॉस्ट नावाच्या बाईंनी १९७० पासून २०१० पर्यंत ऑर्गन वाजविला. एवढी वर्षे एकाच चर्चमध्ये ऑर्गन वाजविणारा वादक आपल्याकडे सापडणे कठीण! सातव्या डावाच्या मध्यावर सगळे प्रेक्षक उभे राहतात आणि एकसुरात गाणे गातात. निवेदक हॅरी केरी यांनी ही समूहगायनाची रीत १९७६ मध्ये याच संघाच्या जुन्या मैदानावर रूढ केली. पुढे ते कब्जकडे गेले आणि कीर्ती मात्र उत्तरेला मिळाली. ही तक्रार मला प्रत्येक सामन्यात एकदा ऐकावी लागते. दुसरी तक्रार घड्याळाची. या खेळाला घड्याळ नव्हते, ही त्याची थोरवी. २०२३ पासून पिचरने ठरावीक सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असा नियम झाला. "माणसाला घाई करायची तर बास्केटबॉल पाहावा," असे आमचे गृहस्थ पुटपुटतात. मिस्सा पंचेचाळीस मिनिटांत संपावी म्हणून माझ्याकडे येणाऱ्या तरुण जोडप्यांना त्यांच्याकडे पाठवावे असे मला कधी कधी वाटते.

पण आमच्या दोघांत खरा दुवा झाली ती वही. त्यांच्या पत्नीला सामन्याची नोंद ठेवण्याची सवय होती. प्रत्येक खेळाडूच्या जागेला १ ते ९ असा क्रमांक असतो; पिचर १, कॅचर २, याप्रमाणे. चेंडू सहाने उचलून चारकडे आणि चारने तीनकडे फेकून दोघांना बाद केले, की चौकटीत ६-४-३ असे लिहायचे. अशा एक्केचाळीस मोसमांच्या वह्या त्यांच्या स्वयंपाकघरातील कपाटात, पिठाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर उभ्या आहेत. समासात बारीक अक्षरात संसारही आहे: थोरल्याला ताप, पहिला कणसांचा हंगाम, भट्टीवर संप, कुणाचा स्नानसंस्कार. "मी खेळ पाहत असे, ती लिहीत असे," ते म्हणाले. "मला लिहिता येत नाही. खाली पाहिले की वरचे सुटते." शिवाय त्यांची नजरही अधू होत चालली होती. तिसऱ्या सामन्याला त्यांनी कोरी वही आणि पेन्सिल माझ्या मांडीवर ठेवली. काही न बोलता मी लिहू लागलो. खेळ मला कळू लागला तो त्या दिवसापासून.

२०२३ मध्ये संघ १०१ सामने हरला. एका मोसमात १६२ सामने असतात, तेव्हा वाईट म्हणावे अशीच ही कामगिरी. पण २०२४ ने सगळे झाकून टाकले. जुलै-ऑगस्टमध्ये ओळीने २१ पराभव झाले. मधेच व्यवस्थापकाला काढले. सप्टेंबरच्या २२ तारखेला १२० वा पराभव होऊन १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्स संघाच्या विक्रमाशी बरोबरी झाली. आधुनिक काळात याहून अधिक कोणी हरलेच नव्हते. आता संघ घरी येणार होता. आणि जे लोक वर्षभर फिरकले नव्हते ते १२१ वा पराभव पाहायला तिकिटे काढू लागले.

२४ सप्टेंबरच्या संध्याकाळी आम्ही नेहमीच्या जागी बसलो होतो. एंजल्सविरुद्ध आठव्या डावापर्यंत एकही धाव नाही, दोन धावांची पिछाडी. संघमालकाने संघ विकावा अशा घोषणा सुरू होत्या. माझ्यासमोरच्या दोन तरुणांनी पराभवाच्या क्षणाचे छायाचित्र घेण्यासाठी दूरध्वनी सज्ज ठेवले होते. माझ्या शेजारी म्हातारबुवा हात गुडघ्यांवर ठेवून स्तब्ध. मी विचारले, "या लोकांचा राग येत नाही?" ते म्हणाले, "ते मयताला आले आहेत. मी रोग्यापाशी बसायला आलो आहे." आजाऱ्यांच्या भेटींवर मी सेमिनरीत बरीच पुस्तके वाचली आहेत, पण पुढल्या वेळी तेलाभ्यंगाला जाताना मला हेच वाक्य आठवले, ते पुस्तकांतले नव्हते.

आणि त्या आठव्या डावात तीन धावा झाल्या! सामना ३-२ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी दहाव्या डावात ४-३, तिसऱ्या दिवशी ७-०. विक्रम घरच्या मैदानावर झाला नाही. २७ तारखेला डेट्रॉइटला जाऊन ते १२१ वा सामना हरले, तो आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात रेडिओवर ऐकला. मी तोही लिहिला. अखेरीस ४१ विजय, १२१ पराभव. वही मिटताना मला वडिलांची हजाऱ्यांची कथा आठवली आणि ती मी त्यांना सांगितली. ३८७ पैकी ३०९! त्यांनी दोनदा विचारले, "आणि तरी हरले?" मग म्हणाले, "तुमचे वडील आमच्या बाजूचे दिसतात."

त्यानंतरच्या वर्षी ८ मे रोजी रोमहून वार्ता आली. कार्डिनल रॉबर्ट प्रिव्होस्ट, शिकागोच्या दक्षिण भागाचे पुत्र, लिओ चौदावे हे नाव धारण करून पेत्राच्या आसनावर आले होते. आमच्या धर्मग्रामात घंटा वाजल्या, लोक रडले, नाचले. पण दोन-तीन तासांतच रस्त्यावर निराळीच खळबळ माजली, कारण पोपमहोदय कब्जचे चाहते आहेत असे कोणीतरी जाहीर केले. शेवटी त्यांच्या बंधूंनी खुलासा केला, की ते पहिल्यापासून व्हाइट सॉक्सचेच. मला त्या संध्याकाळी जेवढे दूरध्वनी आले त्यांतील निम्मे या खुलाशाबद्दल होते. मग जुनी चित्रफीतही सापडली. २२ ऑक्टोबर २००५, जागतिक मालिकेचा पहिला सामना. अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, १९१७ नंतर प्रथमच, व्हाइट सॉक्स अजिंक्यपद मिळविणार होते. आणि गर्दीत संघाचे जाकीट घालून, नवव्या डावात चिंताक्रांत मुद्रेने बसलेले ऑगस्टिनियन संघाचे तेव्हाचे प्रमुख फादर प्रिव्होस्ट! त्यांची ती जागा आता मैदानावर चित्र काढून दाखविली आहे.

म्हातारबुवांनी २००५ ची वही खाली काढली. त्या मालिकेची तिकिटे त्यांना परवडली नव्हती; पत्नीने सामना दूरदर्शन संचावर पाहून लिहिला होता. व्हाइट सॉक्स ५, ॲस्ट्रोज ३. नवव्या डावाची चौकट तिच्या नीटस अक्षरात. "म्हणजे तिने त्यांना पाहिले असेल," ते म्हणाले. "हे लिहिता लिहिता मान वर केली असेल आणि पाहिले असेल." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "त्यांचे चर्च कोणते, फादर?" मी सांगितले, सेंट मेरी ऑफ द असम्प्शन. "ते तर २०११ सालीच बंद झाले!" मी होय म्हणालो. "पोपचे चर्चसुद्धा बंद," एवढे म्हणून ते गप्प झाले. त्या स्वरात समाधान होते की दुःख, मला सांगता येत नाही.

त्याच महिन्यात आणखी एक बातमी आली. १९१९ साली याच संघातील आठ खेळाडूंवर जुगाऱ्यांचे पैसे घेऊन जागतिक मालिका मुद्दाम हरल्याचा आरोप झाला होता. १९२१ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. पण दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांनी आठही जणांना जन्मभर खेळातून बहिष्कृत केले. त्यांत जो जॅक्सन हा असामान्य फलंदाज होता. तो १९५१ मध्ये वारला. १३ मे २०२५ रोजी सध्याच्या आयुक्तांनी निर्णय दिला, की कायमची बंदी मृत्यूबरोबर संपते. म्हणून जॅक्सन आणि त्याचे सहकारी आता मुक्त.

या निर्णयावर आम्ही एक संपूर्ण सामना वाद घातला. म्हातारबुवा उसळून म्हणाले, "मेलेल्याला माफ करायला काय जाते? तो चौऱ्याहत्तर वर्षे मातीत आहे. माफी जिवंत माणसाला द्यायची असते, तोंडावर, त्याच्या दारात जाऊन." मी म्हणालो, ख्रिस्तसभेची शिकवण अगदी हीच आहे, म्हणून तर पापनिवेदनाचा संस्कार आपण जिवंतपणी घेतो. "मग जुने चर्च बंद करताना आमच्या दारात कोण आले?" हा प्रश्न कधीतरी येणार हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. छप्पर गळत होते, खर्च झेपत नव्हता, धर्मगुरू नव्हते, ही सगळी कारणे खरी होती आणि मला पाठ होती. मी ती सांगितली नाहीत. मी म्हणालो, "कोणी यायला हवे होते." ते माझ्याकडे न पाहता मैदानाकडे पाहत राहिले. मी लिहायचे विसरलो असे वाटून की काय, त्यांनी माझ्या कोपराला धक्का दिला. "चार-तीन," ते म्हणाले. मी ४-३ लिहिले.

१४ जून रोजी, संघ परगावी गेलेला असताना, पोपमहोदयांच्या सन्मानार्थ त्या मैदानावर मिस्सा झाली. कार्डिनल क्युपिच मुख्य याजक. सुमारे तीस हजार भाविक. मोठ्या फलकावर, जेथे एरवी चुकांचा आकडा झळकतो, तेथून पोपमहोदय तरुणांशी बोलले. मी इतर धर्मगुरूंबरोबर झगा घालून खाली होतो. म्हातारबुवांना मी बोलावले नव्हते. त्यांच्या मैदानावर त्यांना बोलावणारा मी कोण? ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्हांला निरनिराळ्या विभागांत पाठविले. माझ्या वाट्याला आलेला विभाग त्यांच्या जागेपासून बराच दूर होता, आणि मला तेथून त्यांची रांग दिसत नव्हती. मिस्सा संपल्यावर जिन्यात गाठ पडली. टोपी हातात होती. "गर्दी चांगली होती," ते म्हणाले. "सामन्यांना अशी येत नाही." त्यांनी प्रसाद घेतला की नाही, हे मी विचारले नाही. धर्मगुरूने विचारायला हवे होते, असे माझे काही बंधू म्हणतील. त्यांना मी एकदा १२१ पराभव पाहायला बसवीन.

त्या वर्षी संघ १०२ सामने हरला. ही प्रगतीच! नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या महिन्यात, आमच्या चर्चमध्ये वेदीसमोर एक पेटी ठेवतात. घरोघरची मंडळी आपल्या मृतांची नावे लिहून तिच्यात टाकतात. नावे वाचायला घेतली तेव्हा पाकिटांमध्ये नोंदवहीतून फाडलेली एक चौकट सापडली. तिच्यावर थरथरत्या मोठ्या अक्षरात त्यांच्या पत्नीचे नाव होते. कोणाच्या हाती पाठविली की स्वतः येऊन टाकली, ते कळले नाही. मी ते नाव वाचले. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी उत्तर आले.

हिवाळ्यात बेसबॉल नसतो. गुरुवारी मी त्यांच्याकडे चहाला जातो आणि जुन्या वह्या वाचून दाखवितो, कारण आता त्यांना भिंगानेही जेमतेम दिसते. एकदा त्यांनी माझी वही मागितली. घाईच्या सामन्यांत मी आकडे आपल्या देवनागरीत लिहून टाकतो, हे त्यांच्या तोपर्यंत ध्यानात आले नव्हते. भिंग धरून पुष्कळ वेळ पाहिल्यावर त्यांनी विचारले, हा कोणता खेळाडू? तो ६ होता. इंग्रजी तीन उलटा केल्यासारखा दिसतो म्हणून ते हसले. मग मी एका कागदावर १ ते ९ असे बोटाएवढे आकडे काढून दिले. तो कागद त्यांनी कपाटाच्या दाराला, वह्यांच्या खालच्या बाजूस, चिकटविला आहे. मागल्या गुरुवारी ९ आणि १ यांत त्यांचा गोंधळ झाला, बाकी सगळे बरोबर आले.